एसएस म्हणजे नक्की कुठलं?

मिरकरवाड्याच्या जेट्टीसाठी काही बनवायचं असलं की आमचे नवे इंजिनिअर ड्रॉइंगवर दोनच अक्षरं लिहितात : 'एसएस'. संपलं! अहो, पण कुठलं? ३०४ की ३१६? दोन्ही सारखीच चकचकीत. दोघांना वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. खाऱ्या हवेतलं क्लोराइड तोच फोडतं, की ३०४वर तपकिरी डाग आणि बारीक भोकं. ३१६मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते जास्त तग धरतं. जास्त, कायम नव्हे! वर त्या प्लेटला साधा लोखंडी बोल्ट ठोकायचा... आधी बोल्टच जाणार. ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताची वडी का लावतात, ते कुठल्याही तांडेलाला विचारा.

"३१६ महाग पडतं हो!" पडतंच. मालवणला राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ला अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. कारणं अनेक सांगितली गेली, पण नटबोल्ट गंजल्याचं बांधकाम खात्याने आधीच लेखी कळवलं होतं. ते स्वस्त पडलं का?

असो. निदान ग्रेड लिहा, आणि माल आला की टेस्ट सर्टिफिकेट मागा. चुंबक लावून पारख करू नका, तो दोघांनाही जवळजवळ चिकटत नाही.