राजा दूरचा, प्रश्न घरचा

दुसऱ्या एलिझाबेथ राणी ता. ८ सप्टेंबर २०२२ रोजीं निवर्तल्या आणि त्यांचे पुत्र तिसरे चार्ल्स गादीवर आले. त्या क्षणीं ते एकट्या ब्रिटनचेच नव्हे, तर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमेका इत्यादि धरून एकंदर १५ देशांचे राजे झाले. राष्ट्रकुलांत आज ५६ राष्ट्रें आहेत. बाकीच्यांपैकीं बहुतेक प्रजासत्ताक आहेत, व थोड्यांना स्वतःचे राजे आहेत. हें ऐकिलें म्हणजे आपल्या मनांत सहज येतें कीं, ज्यांनीं हा राजा ठेविला ते राजनिष्ठ, आणि ज्यांनीं सोडिला ते राजद्वेष्टे. हा हिशेब सोपा खरा. परंतु माझ्या मतें तो चुकीचा आहे.

प्रथम ऑस्ट्रेलियाकडे पाहूं. तेथें राजाचा प्रतिनिधि म्हणून गव्हर्नर-जनरल असतो. ता. ११ नोव्हेंबर १९७५ रोजीं सर जॉन कर या गव्हर्नर-जनरलांनीं पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांस पदच्युत केलें. लोकांनीं न निवडलेल्या माणसाच्या हातीं एवढी सत्ता असावी काय, हा प्रश्न तेव्हांपासून तेथें धुमसत राहिला. अखेर ता. ६ नोव्हेंबर १९९९ रोजीं सार्वमत झालें. राणी व गव्हर्नर-जनरल यांच्या जागीं, संसदेनें दोन-तृतीयांश बहुमतानें नेमलेला अध्यक्ष असावा, अशी योजना लोकांपुढें होती. सुमारें ५५ टक्के मतें तिच्या विरुद्ध पडलीं, आणि सहाही घटकराज्यांत ती नापास झाली.

यावरून सारा देश राणीच्या प्रेमांत बुडालेला होता, असें म्हणावें काय? प्रेम पुष्कळांस होतेंच. परंतु विरुद्ध मत देणारांत प्रजासत्ताकाचे पुरस्कर्तेही होते. त्यांचें म्हणणें असें कीं, अध्यक्ष संसदेनें नेमावयाचा नाहीं, तो आम्हीं मतें देऊन निवडावयाचा. म्हणजे त्यांचें भांडण दूरच्या राणीशीं नव्हतें. घरच्या पुढाऱ्यांवर कितपत विसंबावें, याविषयीं होतें. विद्यार्थ्यांस हें सहज समजेल. वर्गाचा नायक बदलावा असें पुष्कळ मुलांस वाटतें; पण नवा नायक गुरुजींनीं नेमावा कीं मुलांनीं निवडावा, यावर तंटा पडला, तर जुनाच नायक जागेवर राहतो. तेवढ्यावरून तो सर्वांचा लाडका आहे, असें सिद्ध होत नाहीं.

कॅनडाची गोष्ट आणखी निराळी आहे. तेथें केंद्रीय संसद व दहाही प्रांतांचीं विधिमंडळें यांची संमति असल्यावांचून हा बदल होऊंच शकत नाहीं. तेव्हां तेथें मुकुट टिकण्यांत प्रेमाचा वांटा असेल, तसा घटनेचाही आहे.

आतां उलट बाजू पाहूं. कॅरिबियन समुद्राच्या कडेला बार्बाडोस हें एक लहान बेट आहे. १६२७ सालीं इंग्रज तेथें वसले, आणि उसाच्या मळ्यांत आफ्रिकेंतून आणिलेल्या गुलामांकडून त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतलें. १९६६ सालीं बेट स्वतंत्र झालें तरी राणी राहिल्या. ता. ३० नोव्हेंबर २०२१ रोजीं तें प्रजासत्ताक झालें, व गव्हर्नर-जनरल असलेल्या डेम सँड्रा मेसन याच पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्या समारंभास तेव्हांचे युवराज चार्ल्स स्वतः हजर होते, आणि गुलामगिरीच्या घोर अत्याचाराचा उच्चार त्यांनीं तेथेंच केला. बार्बाडोसनें राष्ट्रकुल सोडलें नाहीं. निरोप झाला; वैर झालें नाहीं. मात्र या प्रश्नावर तेथें सार्वमत घेतलें गेलें नाहीं, ही मला उणीव वाटते. एवढा मोठा बदल प्रत्यक्ष लोकांस विचारून झाला असता, तर तो अधिक शोभला असता.

या वाटेनें पहिलें पाऊल आपल्याच देशानें टाकलें, हें पालकांस ठाऊक असेलच. १९४९ सालच्या एप्रिलांत लंडन येथें राष्ट्रकुलांतील देशांची बैठक झाली. प्रजासत्ताक होऊनही भारतास राष्ट्रकुलांत राहतां यावें, आणि राजास त्या स्वेच्छेच्या सहवासाचें केवळ प्रतीक मानावें, असें तेथें ठरलें, व ता. २६ जानेवारी १९५० रोजीं भारत प्रजासत्ताक झाला. राजा नको म्हणणें आणि मैत्री नको म्हणणें, या दोन गोष्टी एक नव्हेत, हें जगास तेव्हां दिसलें.

म्हणून अमुक देशानें राजा ठेविला किंवा सोडिला, ही वार्ता वाचतांच त्या लोकांस कोणी स्वामिनिष्ठ म्हणूं नये, कीं कृतघ्न म्हणूं नये. त्यांस कोणीं व कसें विचारिलें, राजाच्या जागीं कोण बसावयाचा होता, आणि त्याजवर अंकुश कोणाचा राहावयाचा होता, हें आधीं पाहावें. एका माणसाविषयीं आदर बाळगणें ही मनाची गोष्ट आहे. सत्ता कोणाच्या हातीं द्यावी, ही विचाराची गोष्ट आहे. उद्यां मतदार होणाऱ्या मुलांनीं या दोहोंतील भेद आजच ओळखावयास शिकावें, एवढीच माझी विनंति आहे.