बंदरातले इस्पितळ



दवाखाना म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रांग येते, केसपेपर येतो, बाहेर बाकावर बसलेली नातेवाईक मंडळी येतात. ते कितीही त्रासाचे असले तरी दवाखाना आहे, हे खरे. पण ज्या मुलुखात शस्त्रक्रिया करणारा डॉक्टरच नाही, तिथल्या गोरगरिबांनी कुठे जायचे? २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने सांगितले की, जगातल्या सुमारे ५०० कोटी माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. अशा माणसांसाठी बंदरात येऊन उभ्या राहणाऱ्या एका इस्पितळाविषयी आज लिहीत आहे. हे इस्पितळ जहाजावर आहे.

'मर्सी शिप्स' ही ख्रिस्ती संस्था १९७८ साली डॉन आणि डेयॉन स्टीव्हन्स या पतिपत्नीने सुरू केली. त्यांचे पहिले जहाज जुने होते. 'व्हिक्टोरिया' नावाची ती इटालियन आगबोट युरोपातून आशियाकडे उतारू नेत असे, आपल्या मुंबई बंदरालाही लागत असे. संस्थेने तिचे नाव 'अनास्तासिस' ठेवले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पुनरुत्थान. २००७ साली ते जहाज निवृत्त झाले आणि डेन्मार्कमध्ये रेल्वेचे डबे वाहून नेणाऱ्या एका बोटीचे रूपांतर करून 'आफ्रिका मर्सी' कामाला लागले. २०२१ मध्ये 'ग्लोबल मर्सी' हे नवे कोरे जहाज चीनमधून बांधून आले. लांबी १७४ मीटर, सहा शस्त्रक्रियागृहे, सुमारे २०० खाटा. वीज, शुद्ध पाणी, प्रयोगशाळा, सगळे जहाजावरच. एका देशाच्या बंदरात हे जहाज कित्येक महिने मुक्काम करते. सेनेगल, सिएरा लिओन, मादागास्कर अशा देशांत त्यांचे काम झाले आहे. रुग्णाकडून शस्त्रक्रियेचा एक पैसाही घेतला जात नाही.

मी कारकुनी करणारा माणूस. कुठलेही काम पाहिले की पहिला प्रश्न मनात येतो, याचा जमाखर्च कसा? इथला हिशेब चक्रावून टाकणारा आहे. जहाजावरचे बहुतेक डॉक्टर, परिचारिका, स्वयंपाकी, इंजिनखान्यातले कामगार पगार घेत नाहीत. उलट अनेक वर्षे आपल्या राहण्या-जेवण्याचे पैसेही तेच संस्थेकडे भरत असत. कोणी साठवलेल्या पैशातून, कोणी आप्तमित्रांच्या मदतीने. म्हणजे कामही करायचे आणि वर पदरचे पैसेही मोजायचे!

आणि राहणे काही ऐषआरामाचे नाही. एकट्या माणसाला लहानशा खोलीत इतरांबरोबर एकावर एक असलेल्या खाटांवर झोपावे लागते. 'आफ्रिका मर्सी'वर पाणी जपून वापरायचे म्हणून दोन मिनिटांत अंघोळ उरकण्याचा नियम होता. आपल्या चाळीतल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण स्वतःच्या देशात मोठ्या घरात राहणारा सर्जन हे खुशीने पत्करतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. आग लागली तर काय करायचे याची कवायत ठरल्यावेळी होते. कुटुंबासह आलेल्यांच्या मुलांसाठी जहाजावरच शाळा असते. डॉ. गॅरी पार्कर हे अमेरिकन सर्जन १९८० च्या दशकात थोड्या दिवसांसाठी म्हणून आले आणि तीस वर्षांहून अधिक काळ राहिले. त्यांचे लग्न तिथल्याच सहकारी बाईंशी झाले, मुलेही जहाजावरच वाढली.

डॉ. पार्कर यांचे काम चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या गाठींचे. जबड्यात एक प्रकारची गाठ होते, ती कर्करोगाची नसते. वेळीच काढली तर माणूस बरा होतो. न काढल्यास ती वाढत वाढत नारळाएवढी होते, घास गिळवत नाही, शेवटी श्वास कोंडतो. पण त्याआधी माणूस गावातून उठतो. याला शाप आहे, याला भूत लागले आहे, असे म्हणून लोक त्याच्यासोबत जेवत नाहीत, बाजारात उभे राहू देत नाहीत. तो तोंडावर फडके बांधून फिरतो. सावलीचाही विटाळ मानला गेलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना हे दुःख कोणी समजावून सांगायची गरज पडली नसती. म्हणूनच अशा रुग्णाच्या खांद्यावर परिचारिका प्रथम हात ठेवते, त्याच्या तोंडाकडे नजर न चुकवता बोलते, तेव्हा औषधाच्या आधीच उपचार सुरू झालेला असतो.

भगिनींसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. बाळंतीण अडली आणि वेळेवर मदत मिळाली नाही, तर आत इजा होऊन लघवी सतत गळत राहते. मूल बहुधा दगावलेले असते. वासामुळे नवरा टाकतो, शेजारणी दूर बसतात. शस्त्रक्रियेने यातल्या कित्येक बाया बऱ्या होतात. त्यांना नवे कपडे देऊन, गाणी म्हणत, समारंभाने निरोप दिला जातो. मुकाट कोपऱ्यात बसलेली बाई त्या दिवशी चारचौघांत उठून आपली हकिगत सांगते.

रक्त लागले तर जहाजावरच्याच माणसांचे घेतात. रक्तगटाच्या याद्या तयार असतात, बोलावणे आले की स्वयंपाकघरातला किंवा इंजिनखान्यातला माणूस उठून येतो. गोऱ्याचे रक्त काळ्याच्या अंगात जाते आणि त्याला जगवते. जात आणि वंश रक्तात असतात म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता श्रद्धेचा प्रश्न. ही माणसे येशूच्या नावाने हे करतात, ते लपवत नाहीत. जहाजावर प्रार्थना होतात, रुग्णांच्या कक्षातही भजने गायली जातात. पण शस्त्रक्रियेसाठी धर्म विचारला जात नाही. सेनेगलसारख्या देशात तर बहुसंख्य रुग्ण मुसलमान. तरीही एक शंका माझ्या मनात राहते. उपकाराखाली खाटेवर पडलेल्या माणसाला समोरच्या प्रार्थनेला 'नको' म्हणणे सोपे असते का? त्याला तसे सहज म्हणता आले, तरच ती सेवा निर्मळ. हा प्रश्न केवळ त्यांना नाही, दान देणाऱ्या प्रत्येक धर्माला आहे, आपल्यालाही आहे.

दुसरी शंका, जहाज निघून गेल्यावर काय? म्हणून ही संस्था तिथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिक्षण देते. हे मला शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे वाटते. कारण दया बंदर सोडून जाऊ शकते, शिकलेला माणूस मागे राहतो. आणि दवाखाना हा शेवटी जनतेचा हक्क आहे, तो सरकारकडून मागून घ्यावाच लागतो.

भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन, घाणीत पडलेल्या आजारी भिक्षूला स्वतःच्या हातांनी धुतले होते. ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. ऐकून घरी जातो. वस्तीत कोणी क्षयाने खोकत असतो, कोणी म्हातारी एकटी पडून असते. त्यांच्या दारी आपल्यापैकी किती जण जातात?

दर्यापार जहाज घेऊन जाणे आपल्याला जमणार नाही. पण विहाराच्या फळ्यावर वस्तीतल्या रक्तदात्यांची नावे रक्तगटासह लिहून ठेवणे, अडाणी रुग्णाबरोबर केसपेपर काढायला जाणे, बाळंतिणीला वेळेवर गाडी मिळवून देणे, एवढे तर जमेल? येत्या रविवारी विहारात जमाल, तेव्हा वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. एक वही घाला आणि पहिले नाव आपलेच लिहा.