कागद आधी, विमान नंतर

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संध्याकाळी, मगरिबच्या नमाजनंतर, माझा एक जुना विद्यार्थी त्याच्या अम्मींना घेऊन घरी आला. नववीनंतर शाळा सुटलेली, पण एसी दुरुस्तीत हात चांगला बसलेला. दुबईत नोकरी लागली म्हणून पेढे आणले होते. पेढ्यांबरोबर एक कागदही होता.

"आपा, इंग्रजीत आहे. जरा वाचून सांगा," अम्मी म्हणाल्या.

कागदावर कंपनीचे नाव होते, मोठा शिक्का होता आणि एकच आकडा होता: पगार १,८०० दिरहम. मूळ पगार किती, भत्ते किती, राहण्याची सोय कोणाची, कामाचे तास किती, याबद्दल एक अक्षर नाही. एजंटने ९० हजार मागितले होते. २० हजार देऊन झाले होते, पावती नव्हती. उरलेल्या पैशांसाठी अम्मींच्या हातातल्या पाटल्या दुसऱ्या दिवशी सोनाराकडे जाणार होत्या.

"आणि व्हिसा?" मी विचारले.

"आधी व्हिजिटवर जायचं. तिकडे गेल्यावर कंपनी बदलून देते, असं म्हणालेत."

पेढा माझ्या हातातच राहिला. माझा धाकटा भाऊ २००४ साली असाच सौदीला गेला होता. इथे सांगितलेला पगार १,२०० रियाल, तिथे हातात पडले ८००. करारावर सही पोहोचल्यावर झाली, तीही न वाचता येणाऱ्या अरबीत. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. अब्बांनी घेतलेले कर्ज फेडण्यात त्याची तीन वर्षे गेली. माझ्या निकाहलाही तो येऊ शकला नाही.

तेव्हा आम्हाला विचारायचे काय, हेच माहीत नव्हते. आज माहिती मिळू शकते. दुबईपुरते बोलायचे तर चार गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट ऑफरची. २०१६ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार मंत्रालयाने ऑफरचा एक ठरावीक नमुना केला आहे. कंपनीने तो भरून कामगाराची सही आधी घ्यायची आणि मगच कामाचा व्हिसा काढायचा. तिथे गेल्यावर होणारा करार या ऑफरपेक्षा कामगाराच्या तोट्याचा असता कामा नये. आपल्यासाठी सर्वांत मोलाची बाब म्हणजे हा नमुना अरबी आणि इंग्रजीसोबत कामगाराला समजणाऱ्या तिसऱ्या भाषेतही मिळतो, आणि त्या भाषांमध्ये उर्दू आणि हिंदी आहेत. जी उर्दू आपण मुलांना "काय कामाची" म्हणून सोडायला लावतो, ती इथे कामाला येते. नुसत्या लेटरहेडवर टाइप केलेला कागद म्हणजे ही ऑफर नव्हे.

दुसरी गोष्ट पैशांची. तिथला कायदा सांगतो की भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून तो सरळ किंवा आडमार्गाने वसूल करायचा नाही. आपल्याकडे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटलाच परदेशी भरती करता येते. त्याची फी जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, तीही पावती देऊन. एजंटचा परवाना खरा की खोटा हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद असते. आखाती देशांत नोकरीसाठी जाताना अशा मुलाला सरकारची मंजुरी घ्यावीच लागते. दहा लाखांचा प्रवासी भारतीय बीमाही त्यासाठी काढावा लागतो, ज्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आहे. व्हिजिट व्हिसावर पाठवणारा एजंट ही सगळी तपासणीच चुकवतो. व्हिजिटवर काम करणे तिथे गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो आपला मुलगा.

तिसरी गोष्ट मूळ पगाराची. हिशोब फळ्यावर मांडते तसा मांडते. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर ठरते: पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार. १,८०० मध्ये मूळ पगार ९०० असेल तर दिवसाचे ३० दिरहम, वर्षाचे ६३०, पाच वर्षांचे ३,१५०. मूळ पगार १,५०० असेल तर दिवसाचे ५०, पाच वर्षांचे ५,२५०. महिन्याचा आकडा तोच, पण पाच वर्षांनी २,१०० दिरहमांचा फरक. म्हणून "पगार किती?" एवढे विचारून थांबू नका. "त्यात मूळ किती?" हेही विचारा.

चौथी गोष्ट पोहोचल्यानंतरची. मेडिकल तपासणी, एमिरेट्स आयडी आणि कामाचा परवाना ही कामे कंपनीने करायची असतात. त्यांचा खर्च पगारातून कापता येत नाही. २००९ पासून तिथे पगार बँकेमार्फत देण्याची पद्धत आहे, म्हणजे पगार थकला तर नोंद राहते. चाचणीचा काळ जास्तीत जास्त सहा महिने. त्या काळातही काढून टाकायचे तर मालकाला १४ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे बेकायदा आहे. घरकामासाठी जाणाऱ्यांना मात्र वेगळा कायदा लागू होतो, त्याची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

त्या रात्री आम्ही तिघे मोबाइलवर एजंटचा परवाना शोधत बसलो. त्याच्या कार्डावरचा क्रमांक यादीत नव्हताच. मुलगा माझ्यावर चिडला. "आपा, मित्र परवा निघालाय. माझी संधी गेली," म्हणाला आणि उठून बाहेर गेला. अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पाटल्या चाचपत म्हणाल्या, "शिव्या देईल चार दिवस. देऊ दे."

ते २० हजार अजून मिळालेले नाहीत. मित्राचे काय झाले तेही सांगते. दोन महिन्यांनी व्हिजिटची मुदत संपली आणि तो परत आला, वर तिकिटाचे कर्ज. हे सांगताना मला आनंद होत नाही, तोही माझाच विद्यार्थी.

आपला हा मुलगा आता नोंदणी असलेल्या एजंटकडे मुलाखती देतो आहे. शिवाय मी त्याच्याकडून दहावीचा १७ नंबरचा फॉर्म भरून घेतला आहे. परवा वही घेऊन आला, पण माझ्याशी अजून मोजकेच बोलतो.

कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकरहमधली, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. आपण ती पढतो, आणि मुलाच्या आयुष्याचा व्यवहार मात्र कोणाच्या तरी तोंडी शब्दावर सोडतो.

माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरी अशी ऑफर आली, की सहीपूर्वी एका रात्री सगळ्यांनी एकत्र बसा. मुलाला ती मोठ्याने वाचायला सांगा, अम्मी, अब्बा, दादी सगळ्यांसमोर. जिथे तो अडखळेल, तिथे थांबा. ती ओळ कळल्याशिवाय सहीही करू नका आणि पैसेही देऊ नका.