काचपट्टीमागची माणसे

दहावीचा निकाल लागला की आपल्या वसतिगृहातील हुशार मुलामुलींना एकच प्रश्न विचारला जातो : "डॉक्टर होणार का ?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला, दाराबाहेर रुग्णांची रांग लागलेला डॉक्टर असतो. ज्याला रुग्ण कधी भेटत नाही, ज्याचे नावही त्याला ठाऊक नसते, असा डॉक्टर कोणाच्याच मनात नसतो. मला त्याच्याविषयी लिहायचे आहे. अशा डॉक्टरांची आपल्या समाजाला फार गरज आहे. आणि त्यांनी कष्टाने मिळवलेले ज्ञान आपल्या घरांच्या उंबरठ्याशी अडून राहते, त्याची किंमत आपल्या आयाबहिणी मोजत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी आत्या रेवदंड्याच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत रोजंदारीने जात असे. पाळी थांबून चार वर्षे झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून जाऊ लागले. वर्षभर तिने हे कोणालाही सांगितले नाही. धुतलेली फडकी ती परसात आडोशाला वाळत घाली. अखेर चालताना भोवळ येऊन पडली, तेव्हा आम्ही तिला रेवसहून लाँचने मुंबईला नेले. तुकडा तपासणीला गेला आणि काही दिवसांनी कागद हाती आला : गर्भाशयमुखाचा कर्करोग, पुढच्या टप्प्याचा. त्यानंतर ती जेमतेम दीड वर्ष जगली. पुष्कळ वर्षांनी ट्रंकेत तो कागद सापडला. तळाशी विकृतिशास्त्रज्ञाची सही होती. त्या माणसाने आत्याला कधीच पाहिले नव्हते. पण तिच्या दुखण्याचे खरे नाव सर्वांत आधी त्यालाच कळले होते.

विकृतिशास्त्रज्ञ म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये राखायचा, मेणात बसवायचा, त्याचे केसाहूनही पातळ काप काढायचे, जांभळ्या-गुलाबी रंगांनी रंगवायचे आणि काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचे, हे त्याचे नित्याचे काम. कर्करोग आहे की नाही, असल्यास कोणत्या जातीचा, किती खोल गेला आहे, हे तो सांगतो आणि त्यावर पुढचे सारे उपचार ठरतात. परंतु एका रुग्णाचे निदान करून जो थांबत नाही, हजारो काचपट्ट्या शेजारी शेजारी मांडून "हे इथेच का होते ?" असा प्रश्न जो विचारतो, तो संशोधक होतो.

महाराष्ट्रात या मार्गाने गेलेले सर्वांत मोठे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे. 1895 साली जन्मलेल्या खानोलकरांनी 1923 मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळवली. मुंबईत परतून त्यांनी ग्रँट मेडिकल आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल या महाविद्यालयांत अध्यापन केले. 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. 1952 मध्ये उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा गौरव होतो. पद्मभूषण आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद हे मान नंतरचे. त्यांची खरी थोरवी त्यांच्या प्रश्नांत आहे.

परदेशी पुस्तकांतले ज्ञान तसेच्या तसे इथे लावण्यात त्यांनी समाधान मानले नाही. 1945 साली सूर्याबाई यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी रोजच्या चालीरीतींशी जोडलेले कर्करोग दाखवले. वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाने कमरेवर होणारा कर्करोग त्यातलाच. स्त्रियांच्या बाबतीतही हाच शोध सुरू राहिला. मुंबईत पारशी स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग तुलनेने कमी व स्तनाचा अधिक, तर हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा अधिक, असे त्या काळच्या नोंदींतून दिसून आले. एकाच शहरात, एकाच हवापाण्यात हा फरक का ? उत्तर रक्तात किंवा नशिबात नव्हते. ते लग्नाच्या वयात, बाळंतपणांच्या संख्येत, राहणीमानात आणि वैद्यकीय मदत वेळेवर मिळण्या-न मिळण्यात होते.

हे आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. "तिच्या कर्मात होते" हे वाक्य आत्याच्या मरणानंतर आमच्या ओटीवर कितीदा तरी उच्चारले गेले. ज्या धम्मात "ये आणि पाहा" असे आवाहन आहे, ज्यात प्रत्येक दुःखाला कारण आहे व ते कारण दूर करता येते असे मानले जाते, त्या धम्माच्या घरात हे वाक्य शोभत नाही. पुढे जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी 1983-84 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही या विषाणूचे प्रकार शोधून काढले आणि 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे कारण सापडले आहे. हा विषाणू शरीरात टिकून राहिला तरी कर्करोग व्हायला साधारणतः 15 ते 20 वर्षे लागतात. इतका दीर्घ अवधी हाताशी असताना बाई दगावते, तेव्हा तो दोष नियतीचा नसतो.

या ज्ञानाची एक दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. खानोलकरांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे तंत्र अभ्यासले व मुंबईत तशी प्रयोगशाळा उभी केली. गाय यांचे नाव ज्या पेशींमुळे जगभर झाले, त्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून 1951 मध्ये काढलेल्या होत्या. तिला कोणी विचारले नाही. ती त्याच वर्षी 31 व्या वर्षी वारली. तिच्या पेशी आजही प्रयोगशाळांत वाढत आहेत. तिच्या कुटुंबाला हे कळायला दोन दशके लोटली. दुबळ्यांच्या देहातून ज्ञान घ्यायचे आणि त्यांना मात्र अंधारात ठेवायचे, हा अन्याय आपल्याला ओळखीचा वाटावा.

आपल्या राज्यातही असे ऋण आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासातून, एकदाच केलेली एचपीव्ही चाचणीदेखील मृत्यू निम्म्यावर आणू शकते, असे 2009 मध्ये दिसले. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये काम केले. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी करायला शिकवले. मृत्यूंत 31 टक्के घट झाली. तुलनेसाठीच्या गटातील स्त्रियांना अशी तपासणी दिली गेली नाही, यावर पुढे कठोर नैतिक वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या स्त्रियांच्या सहभागातून मिळालेले ज्ञान वापरायचेच नाही, ही त्याहून मोठी प्रतारणा ठरेल. 2020 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या एका कर्करोगाने वर्षाला सुमारे 77 हजार स्त्रिया मरण पावतात.

बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी अशी सोपी, खात्रीची चाचणी अद्याप नाही. तेथे संशोधकांची वाट पाहावी लागेल. गर्भाशयमुखाच्या बाबतीत मात्र वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली स्वदेशी लसही 2022 पासून मान्यताप्राप्त आहे. ती प्रामुख्याने 9 ते 14 वर्षांच्या मुलींसाठी आहे. म्हणजे नेमक्या आपल्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलींसाठी.

"शाळेत असले विषय नकोत" असे काही पालक म्हणतील. त्यांच्या संकोचाचा मी आदर करतो, कारण तोच संकोच माझ्या घरात होता. परंतु त्या संकोचाने आम्हाला काय दिले, हेही मी पाहिले आहे. म्हणून माझी माजी विद्यार्थी व पालकांना तीन गोष्टींची विनंती आहे. दरवर्षीच्या पालक सभेत एक तास स्त्री-डॉक्टरांना आयांशी मोकळेपणी बोलू द्यावे. पालकांना पूर्ण माहिती देऊन, त्यांच्या लेखी संमतीने, मुलींच्या लसीकरणाची सोय शाळेने शासकीय आरोग्य यंत्रणेच्या मदतीने करावी. आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येक आईने तपासणी करून घ्यावी. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे योग्य वयात ती टाळू नये.

आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो : स्टेथोस्कोपच्या पलीकडेही वैद्यक आहे. मुंबईतील त्या दहावी शिकलेल्या स्त्रियांनी जीव वाचवले. तुम्हाला त्यापुढे शिकायची संधी आहे. तुमच्यापैकी कोणी काचपट्टीमागे बसाल, तर तिच्यावरचा तुकडा कोणा तरी आत्याचा आहे, हे विसरू नका. अहवालावर सही करून थांबू नका. जे कळले, ते तिच्या घरापर्यंत पोहोचवा.