दुसरी प्रत कुठे आहे?



पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही सणसवाडीत एका घरी गेलो होतो. घर म्हणजे चाळीतली दहा बाय दहाची भाड्याची खोली. पुणे-नगर रस्त्याच्या कडेने कारखाने उभे राहिले, तशी मराठवाडा-विदर्भातून हाताला काम शोधत आलेली माणसे अशा खोल्यांतून राहू लागली. त्यात आपले बांधवही पुष्कळ. हे कुटुंब हिंगोली जिल्ह्यातले. वडील कंत्राटी कामगार, आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. मुलगी बारावी झालेली. तिला नर्सिंगला जायचे आहे आणि जात पडताळणीचे प्रकरण अडलेले.

"भाऊ, माझ्या आज्याच्या शाळेचा उतारा होता आमच्याकडं," वडील सांगू लागले. "दोन वर्षांमागं मुद्दाम रजा टाकून काढून आणला होता."

"मी फोटो पण काढून ठेवला होता, काका," मुलगी म्हणाली. "पण मोबाईल पाण्यात पडला."

मूळ उतारा गावाकडच्या ट्रंकेत. पत्रा गळला, ट्रंकेत पाणी शिरले, मागून वाळवीही आली. आता शाळा कोणत्या गावची, रजिस्टरचा अनुक्रमांक काय, साल कोणते, कोणालाच नीट आठवेना.

ज्यांच्या घरात अजून पडताळणीची वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अनुसूचित जातीच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा फार मोलाचा असतो. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुकातला उतारा, असे काहीतरी. आता त्या काळात आपली किती माणसे शाळेची पायरी चढली होती? बाराखडी गिरवायला ज्याला उंबऱ्याबाहेर बसवले, त्या आजोबा-पणजोबाचे नाव एका रजिस्टरात एका ओळीत लागले. पुढच्या चार पिढ्यांचे शिक्षण आणि नोकरी त्या एका ओळीवर उभी असते. असा कागद घरात एकच असतो, आणि तो कुठे असतो? ट्रंकेत, नाहीतर गादीखाली.

म्हणून यावेळी आम्ही एक्स्टर्नल हार्ड डिस्कबद्दल लिहायचे ठरवले. कॉम्प्युटरला वायरने जोडायची, शर्टाच्या खिशात मावणारी ती काळी डबी. विषय ऐकून काही वाचक म्हणतील, हे कॉम्प्युटरवाल्यांचे काम, आम्हाला काय त्याचे? आम्हीही बी.कॉम. झालेले कारकूनच आहोत. लेजरात वाढलो. पण एका हार्ड डिस्कने आमची जी फजिती केली, ती सांगितल्यावर आमचे म्हणणे पटेल.

१ जानेवारी २०१८ ला काय झाले ते या भागातल्या कोणाला सांगायला नको. भीमा कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षे झाली म्हणून पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक आले होते. त्या दिवशी कोरेगाव भीमा आणि सणसवाडीच्या रस्त्यावर दगडफेक झाली, गाड्या जळल्या, दुकाने जळली, एका तरुणाचा जीव गेला. पुढे फेब्रुवारीत सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा चौकशी आयोग नेमला आणि लोकांकडून प्रतिज्ञापत्रे मागवली. त्या काळात आम्ही काही कार्यकर्ते नुकसानीची माहिती गोळा करीत होतो. पंचनाम्याच्या नकला, जळलेल्या गाड्यांचे फोटो, दवाखान्याचे कागद, कोणी मोबाईलवर घेतलेले चित्रण. सगळे एका लॅपटॉपात भरले. लॅपटॉप भरला तेव्हा वर्गणी काढून एक टीबीची हार्ड डिस्क आणली, सगळ्या फाईली तिच्यात हलवल्या आणि लॅपटॉप रिकामा केला. वर अभिमानाने सांगत फिरलो, "आम्ही बॅकअप घेतला आहे."

वाचकहो, तो बॅकअप नव्हता. आधी एक प्रत लॅपटॉपात होती, आता एक प्रत डबीत होती. एकाच कागदाची नुसती ट्रंक बदलली. हिशेबात पाकिटातले शंभर रुपये खिशात ठेवले तर कोणी दोनशे लिहीत नाही. पण त्या दिवशी आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसाने तेच केले.

सात-आठ महिन्यांनी ती डबी टेबलावरून पडली. कॉम्प्युटरला लावलेली होती, चालू होती, कोणाचा तरी पाय वायरीत अडकला. उचलून कानाशी धरली तर आत टक-टक आवाज. या डबीत काचेसारखी गुळगुळीत तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत असते आणि अक्षरे वाचणारी सूक्ष्म सुई तिच्यावरून केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगते. चालू असताना धक्का बसला की सुई तबकडीवर घासते. पुण्यात एका दुकानात दाखवली. त्यांनी सांगितलेला आकडा आमच्या एका पगाराएवढा होता. तरी दिली. निम्म्याच फाईली परत आल्या. एका म्हाताऱ्या बाईने विश्वासाने दिलेले तिच्या जळालेल्या टपरीचे फोटो त्यात नव्हते. तिच्या मुलाच्या मोबाईलमध्येही ते राहिले नव्हते. ते तिला सांगायला आम्ही गेलो, तो दिवस आम्ही विसरलेलो नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, हार्ड डिस्क ही जागा वाढवायची कोठी नव्हे, दुसरी प्रत ठेवायची जागा आहे. कॉपी करा, कट करू नका. मूळ जिथे आहे तिथे राहू द्या. आणि दोन्ही प्रती एकाच खोलीत असतील तर पाणी, आग आणि चोर दोन्ही एकदम नेतात. जाणकार लोक तीन-दोन-एक असा हिशेब सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. हा हिशेब अमेरिकेतल्या फोटोग्राफरांत रुजला म्हणतात, पण आपल्या कामगार वस्तीला तो अगदी चपखल बसतो. सणसवाडीच्या बहुतेक खोल्यांतल्या माणसांना दुसरे घर आहेच, ते गावाकडे. एक डबी इथे ठेवा, एक दिवाळीला जाताना गावी द्या.

दुसऱ्या गावी प्रत असण्याचे महत्त्व सांगताना आम्हाला नेहमी १९१७ साल आठवते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून यावे लागले. ते स्वतः एका बोटीने आले, पुस्तकांचा संग्रह दुसऱ्या बोटीने यायचा होता. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. त्या काळी झेरॉक्सदेखील नव्हती, संग्रहाची दुसरी प्रत कोण कशी करणार? आज ती सोय काही हजार रुपयांत मिळते, एका घराला जड वाटले तर चार घरांनी मिळून घेता येते.

या साधनाची वाटचालही पाहण्यासारखी आहे. आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क १९५६ च्या सप्टेंबरात जाहीर केली, नागपूरच्या दीक्षाभूमीवरच्या सोहळ्याच्या जेमतेम महिनाभर आधी. पन्नास तबकड्यांचे ते कपाट सुमारे एक टन वजनाचे होते आणि त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाईलचे दोन फोटो काढले तर ते कपाट भरून जाईल.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. कागद मोबाईलने घाईत टिपू नका, शक्यतो दुकानात स्कॅन करा आणि ३०० डीपीआयवर करायला सांगा. उताऱ्याचा शिक्का, अनुक्रमांक आणि मागची बाजूसुद्धा आली पाहिजे. स्कॅन हा मूळ कागद नव्हे, समितीपुढे अस्सलच लागतो. पण मूळ हरवले तर कोणत्या शाळेत, कोणत्या नंबराची नोंद शोधायची हे स्कॅन सांगते, आणि नवा उतारा काढता येतो. जुना कागद लॅमिनेट मात्र करू नका, तो पुन्हा सुटत नाही. फाईलला नाव देताना "स्कॅन ००१" असे ठेवू नका. आजोबांचे नाव, कागदाचा प्रकार आणि साल घाला. नातवाला शोधता आले पाहिजे.

काम झाले की डबी सुरक्षित बंद करण्याची कळ दाबून मगच वायर काढा, आणि काढाच. लावून ठेवलेली डबी कॉम्प्युटरच्या दुखण्यातून सुटत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. अशा व्हायरसने फाईली कुलूपबंद केल्या की जोडलेल्या डबीतल्याही जातात. कधी डबी लावल्यावर पडद्यावर "फॉरमॅट करायचे का" असा प्रश्न आला, तर हो म्हणू नका. हो म्हटले की सगळे पुसायला परवानगी दिली. आधी जाणत्याला दाखवा.

डबीत आधार, बँकेचे पासबुक, दाखले असतील तर पासवर्ड लावून घ्या. तो पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत असावा, त्यात एक बाईमाणूस असावे असे आमचे मत आहे. बहुतेक घरांत कागद तीच सांभाळते आणि पासवर्ड मात्र नवऱ्याच्या डोक्यात असतो.

पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका, ते ने-आण करण्यासाठी. बिनतबकडीची एसएसडी पडली तरी सहसा वाचते, पण वीज न मिळता वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली तर तिच्यातले पुसट होऊ शकते. तबकडीची डबीही अमर नाही, चार-पाच वर्षांनी नवीन घेऊन तिच्यावर उतरवावे. आणि सहा महिन्यांनी एकदा लावून पाच-दहा फाईली उघडून पाहाव्यात. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे न मोजलेल्या गल्ल्यावर सही करणे. सरकारचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे, तेही वापरा. हल्लीची गुणपत्रिका, आधार तिथे थेट मिळते. पणजोबांचा उतारा मात्र आपणच चढवावा लागतो.

एक गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. घटनेचे चित्रण व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की ते दाबून लहान होते, सोबतची तारीख-वेळेची माहितीही सहसा गळून जाते. पुराव्याला मूळ फाईल लागते. मोबाईलमधून वायरने थेट डबीत उतरवा, त्यात कापाकापी करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश, म्हणजे तिच्या बोटांच्या ठशासारखा आकडा, द्यावा लागतो. फाईलीत एक अक्षर बदलले तरी तो आकडा बदलतो.

त्या मुलीचे काय झाले? तिच्या वडिलांचा चुलत भाऊ पिंपरीत असतो. त्याने आपल्या मुलासाठी कधीतरी त्याच उताऱ्याची झेरॉक्स काढून ठेवली होती. निम्मी काळी आलेली, पण शाळेचे नाव आणि रजिस्टरचा नंबर वाचता येत होता. वडील पुन्हा रजा टाकून गेले, पुन्हा खाडा पडला, नवा उतारा घेऊन आले. प्रकरण दाखल झाले आहे, निकाल अजून यायचा आहे. उतारा स्कॅन करून आम्ही दोन डब्यांत उतरवला. एक त्यांच्या खोलीत फळीवर आहे. दुसरी पिंपरीच्या काकांनी ठेवून घेतली, आणि सोबत स्वतःच्या घरातलेही सतरा कागद आमच्याकडे स्कॅनला दिले.