बीटला शब्द नसले म्हणून विचार नसतो का?

एप्रिल जवळ आला की नांदेड-लातूरच्या वस्त्यांत जयंती मंडळांच्या बैठका सुरू होतात आणि प्रत्येक बैठकीत एक भांडण ठरलेले असते. जुने कार्यकर्ते म्हणतात, डीजे बंद करा, प्रबोधन करा. पोरे म्हणतात, डीजे नसेल तर आम्ही येत नाही. शेवटी तडजोड होते. सकाळी व्याख्यान, संध्याकाळी डीजे. व्याख्यानाला खुर्च्या रिकाम्या आणि डीजेला रस्ता पुरत नाही. मग वर्षभर दोन्ही बाजूंनी एकमेकांना नावे ठेवायची.

या भांडणात एक तिसरा माणूस आहे, त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. तो वस्तीतच राहतो. त्याच्याकडे एखादा जुना लॅपटॉप असतो, नाहीतर नुसता मोबाइल. रात्री घरचे झोपले की कानात हेडफोन घालून तो बीट बनवतो. किक, स्नेअर, हाय-हॅट, खाली बेस, वर एखादा सूर. कधी त्यावर मित्र रॅप करतो, कधी ते तसेच शब्दांविना राहते. यूट्यूबवर टाकतो, शेदोनशे लोक ऐकतात. जुन्या कार्यकर्त्यांना तो वाया गेलेला वाटतो आणि डीजेसमोर नाचणाऱ्यांना त्याची बीट संथ वाटते. आम्हाला त्याची बाजू घ्यायची आहे.

त्याच्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, हे अमेरिकेचे आहे, आपले नाही. हा आक्षेप आंबेडकरी माणसाने तरी घेऊ नये. १९७२ साली मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी संघटनेला नाव दिले ते कुठून आले? ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडून. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमच्या शेजारी. हार्लेम नदी ओलांडली की ब्राँक्स. त्याच ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या जमैकन घरातल्या पोराने बहिणीच्या पार्टीत दोन टर्नटेबल लावले, गाण्यातला फक्त तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला आणि त्यातून हिपहॉप उभे राहिले. पँथरच्या स्थापनेनंतर सव्वा वर्षाने. ना त्यांना आपली खबर होती, ना आपल्याला त्यांची. पण पडक्या इमारती, बेकारी आणि पोलीस हे दोन्हीकडे होते.

आणि आपले म्हणजे तरी काय? भीमराव कर्डकांचा जलसा तमाशाच्या साच्यातून निघाला आणि त्याने त्यातली गवळण बाजूला ठेवून सभागृहात बाबासाहेबांचा विचार आणला. पुढे आपल्या गायकांनी कव्वाली घेतली, सिनेमाच्या चाली घेतल्या. वामनदादा कर्डकांची गाणी कितीतरी गावांत सिनेमाच्या चालीवरच पोहोचली. प्रल्हाद शिंदेंचा आवाज कॅसेटवरून घराघरात गेला. कॅसेट आली तेव्हाही कुणीतरी म्हणालेच असेल की आता शाहिरी संपली. शाहिरी संपली नाही. कडुबाई खरात यांची एकतारी तर मोबाइलवरूनच मराठवाड्याबाहेर गेली. तेव्हा पहिल्या आक्षेपावर आम्ही याहून जास्त वेळ घालवत नाही.

दुसरा आक्षेप मात्र खोल आहे आणि तो प्रामाणिक लोक घेतात. ते म्हणतात, रॅप एकवेळ ठीक, त्यात शब्द आहेत. पण नुसती बीट? नुसते इलेक्ट्रॉनिक संगीत? शब्दच नाहीत तर प्रबोधन कसले?

हा आक्षेप आला कुठून, ते गावात जाऊन पाहावे लागते. गावाने मांग-महारांच्या हातात वाद्य दिले, तोंडात शब्द दिला नाही. पाटलाच्या घरचे लग्न, देवाची पालखी, पोळ्याची मिरवणूक, हलगी आपल्या माणसानेच वाजवायची. मंदिराच्या बाहेर उभे राहून वाजवायची. मोबदला बलुत्याचा. वाजवणाऱ्याचे नाव कोणी विचारत नव्हते. त्याच्या हाताची गरज होती, त्याच्या म्हणण्याची नव्हती. म्हणून बाबासाहेबांनी शब्द हातात दिला तेव्हा आपल्या लोकांनी तो घट्ट धरला आणि अनेक ठिकाणी वाद्य खाली ठेवले. मेलेली जनावरे ओढणे सोडले, तसे वाजप सोडले. तो नकार बरोबर होता. त्या नकारातच माणूसपण होते.

पण त्या नकाराबरोबर आपण नकळत आणखी एक गोष्ट उचलली. हलगी हलकी, ताल हलका, नुसते वाजवणे म्हणजे अडाण्याचे काम, असा हिशेब आपल्याही डोक्यात बसला. हा हिशेब आपला नाही, तो ज्यांनी चामड्याला विटाळ ठरवले त्यांचा आहे. त्यांच्यातही गंमत पाहा. तबल्याला चामडे, पखवाजाला चामडे, मृदंगालाही चामडेच. ते कमावणारा, मढवणारा अस्पृश्य आणि त्यावर बोटे फिरवणारा पंडित. टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिश्चन कारागिरांवर पुस्तकच लिहिले. तबल्याच्या एकल वादनाला सभागृहात तासभर शांत बसून दाद दिली जाते. तिथे कोणी विचारत नाही, शब्द कुठे आहेत? मग आपल्या पोराच्या बीटलाच हा प्रश्न का?

याची दुसरी किंमत आणखी जड आहे. हलगी आपण मातंग समाजाकडे ढकलून दिली आणि वर त्यावरून नाक मुरडले. लातुरात १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीत हलगी कडाडते आणि आपल्यातले काही जण लांबून बघतात. त्यांना आठवण करून द्यायला हवी की ऑगस्ट १९७८ मध्ये, नामांतराच्या ठरावानंतर, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ज्यांना हालहाल करून मारले ते पोचीराम कांबळे मातंग होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव हवे म्हणून नांदेडच्या गौतम वाघमारेंनी १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःला जाळून घेतले. एकाच लढ्यातली ही माणसे. हलगीला हलके म्हणणारा त्यातल्या अर्ध्या घरांना हलके म्हणतो.

आजचा पोरगा बीट बनवतो ती कोणाच्या हुकमाने नाही. पाटलाने बोलावले म्हणून नाही, बलुत्यासाठी नाही. त्याला वाटले म्हणून तो वाजवतो आणि फाइलवर स्वतःचे नाव टाकतो. आमच्या मते हा फरक छोटा नाही. ज्यांच्या पूर्वजांचा ताल वेठीचा होता त्यांच्या नातवाने स्वतःचा ताल स्वतः ठरवणे, यात शब्द नसले तरी म्हणणे आहे. आणि ज्यांना बाबासाहेबांचाच दाखला हवा त्यांनी व्हायोलिन हातात घेतलेले त्यांचे छायाचित्र पाहावे. उतारवयात, घटना-कायदे-धर्मांतर या सगळ्याच्या धामधुमीत, तो माणूस व्हायोलिन शिकत होता. व्हायोलिनला कुठे शब्द असतात?

शब्दांविना संगीत राजकीय असू शकते याचा पुरावा डेट्रॉइटने दिला आहे. कारखाने बंद पडलेल्या त्या शहरात कृष्णवर्णीय तरुणांनी टेक्नो हे संगीत घडवले. त्यांच्यातल्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या गटाने मोठ्या कंपन्यांना नकार दिला, चेहरे झाकून वाजवले, रेकॉर्डही स्वतःच काढल्या. बहुतेक रेकॉर्डवर गाणारा माणूसच नाही, पण ते कोणाचे आहे आणि कोणाच्या विरोधात आहे हे ऐकणाऱ्याला कळते. ज्या यंत्रावर हे सगळे उभे राहिले त्याचीही गोष्ट आपल्याला जवळची वाटावी. रोलँड या जपानी कंपनीने १९८० साली ८०८ नावाचे तालयंत्र काढले. खऱ्या ढोलासारखा आवाज येत नाही म्हणून ते चालले नाही, तीनेक वर्षांत बंद झाले. मग ते सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागले आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्या पोरांच्या हाती पडले. आज जगभरच्या गाण्यांत जो खोल बेस छातीत बसतो तो त्या टाकाऊ ठरलेल्या यंत्राचा. तेच यंत्र १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने वापरले आणि दहा रागांचा एक अल्बम केला. तो तेव्हा कोणी विचारला नाही. २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघाला तेव्हा जग चकित झाले.

ऐकायचे कसे, हेही सांगतो, कारण कौतुक करायला आधी कान लागतो. डेट्रॉइटच्याच जे डिला या निर्मात्याचा ‘डोनट्स’ हा अल्बम फेब्रुवारी २००६ मध्ये आला आणि तीन दिवसांनी तो गेला. आजारपणात केलेले ३१ छोटे तुकडे, जुन्या गाण्यांचे कापलेले आवाज. त्यात ताल घड्याळाच्या काट्यावर पडत नाही, किंचित मागे-पुढे झुलतो. ज्याने चांगला हलगीवाला ऐकला आहे त्याला हे झुलणे लगेच ओळखू येईल. संगणकाच्या चौकटीत सगळे ठोके सरळ बसवलेली बीट मेलेली का वाटते, हेही तिथेच समजते. जपानचा नुजाबेस हा दुसरा. गंमत म्हणजे तो आणि डिला एकाच दिवशी जन्मले, ७ फेब्रुवारी १९७४. त्यांच्या वाटेने पुढे लो-फाय बीट आली, आणि आज लातूरच्या अभ्यासिकांत नीटची तयारी करणारी, नांदेडमध्ये एमपीएससीचे पुस्तक उघडून बसलेली आपलीच पोरे-पोरी ती कानात घालून वाचतात. शब्द नसतात म्हणून वाचनात अडथळा येत नाही. म्हणजे ‘शिका’ या आदेशालाही बीटची सोबत आहे. हे विनोदाने म्हणत नाही. खाली रस्त्यावर गोंगाट, खोलीत चौघे जण, अशा जागी एकाग्रता ही चैनीची वस्तू असते.

आता शब्दांकडे येऊ. अमरावतीचा विपिन तातड, मुंबईचा स्वदेसी हा गट, महादेव कोळी समाजातून आलेली माही जी, तिकडे तमिळनाडूत अरिवू, ओडिशातून आलेला सुमीत सामोस. हे लोक जात हा शब्द गिळत नाहीत. २०१९ मध्ये ‘गली बॉय’ने हिपहॉप घराघरात नेले खरे, पण त्यात गरिबी होती, जात कुठे होती? अंडरग्राउंडची गरज तिथेच आहे. कंपनी नसते, म्हणून काय बोलू नये हे सांगणाराही नसतो. त्याची किंमतही असते. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर एका रॅपसाठी गुन्हा दाखल झाला. गाण्यात कोणाचे नाव नव्हते तरी सत्तेला ते आपल्यावरच आहे असे वाटले.

आणि आवाज ही आपल्यासाठी फक्त आवडीनिवडीची गोष्ट कधीच नव्हती. मे २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या तरुणाचा खून झाला. निमित्त होते मोबाइलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत अक्षय भालेरावला मारले. गावात भीमजयंती काढल्याचा राग त्यामागे होता, असे कुटुंबाचे म्हणणे आहे. त्या संध्याकाळी गावात दुसऱ्यांच्या लग्नाची वरात वाजत होती. एकाच रस्त्यावर कोणाचा आवाज परंपरा आणि कोणाचा आवाज गुन्हा, हे जातीवर ठरते. म्हणून ‘डीजे बंद करा’ असे सरसकट म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. तो आवाज वस्तीतून हमरस्त्यावर येण्यासाठी रक्त सांडले आहे.

पण याचा अर्थ ट्रकभर भोंग्यांची बाजू घेणे असाही नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, हे २००० सालचे नियम आहेत. काचा हादरवणाऱ्या भिंतीसमोर उभे राहिलेल्या लहान लेकरांचे कान आपलेच आहेत. आपली वर्गणी कोणाच्या गाडीच्या भाड्यात जाते, तेही एकदा मोजा. त्या गाडीवर जी धून वाजते ती बनवणाऱ्या पोराला त्यातला एक रुपयाही जात नाही. बहुतेक वेळा त्याचे नावही पुसून दुसऱ्याचे टाकलेले असते.

रॅप करणाऱ्यांनाही दोन गोष्टी सुनावल्या पाहिजेत. आई-बहिणीवरून शिव्या देऊन बंड होत नाही. रमाई-सावित्रीची पोस्ट टाकायची आणि ट्रॅकमध्ये बाईला वस्तू करायचे, हे चालणार नाही. दुसरे, इंटरनेटवरून फुकटची ‘टाइप बीट’ उतरवून त्यावर नांदेडची व्यथा सांगायची, म्हणजे शब्द देगलूर नाक्याचे आणि ताल अटलांटाचा. त्यात गैर काही नाही, पण त्या बीटचा मालक दुसरा असतो. गाण्यातून चार पैसे मिळू लागले की परवान्याचा प्रश्न येतो आणि गाणे उतरवले जाऊ शकते. शेजारच्या गल्लीत बीट बनवणारा बसलेला असताना त्याला न विचारणे हा आळस आहे.

तर येत्या १४ एप्रिलसाठी मंडळांकडे आमची मागणी साधी आहे. व्याख्यान आणि डीजे यांच्या मध्ये एक तास या पोरापोरींना द्या. साधे दोन स्पीकर पुरतात. लातूरला आंबेडकर पार्क आहे, नांदेडला स्टेशनजवळचा पुतळा आहे, नाहीतर वस्तीतले विहार आहेच. त्या तासाला मातंग वस्तीतल्या हलगीवाल्याला सन्मानाने बोलवा, पैसे देऊन बोलवा, आणि त्याला रस्त्याकडेला नको, मंचावर बसवा. पोरांनी त्याची हलगी चांगल्या माइकवर रेकॉर्ड करून ठेवावी, त्याच्या परवानगीने बीटमध्ये घ्यावी आणि वर्णनात पहिले नाव त्याचे लिहावे. पत्रिकेत ‘डीजे’ एवढेच न छापता बीट कोणी बनवली त्यांची नावे छापा. वर्गणीची यादी करताना हा खर्च आधी लिहा, उरले तर गाडी सांगा.