पाऊस टक्के बघून आत येत नाही

माझ्या चाचीच्या घराच्या छताचा हिशेब मी एका एक्सेल शीटमध्ये जपून ठेवला आहे. मंगळुरी कौले ६०० नग, ३२ रुपये दराने १९,२००. कोने ३० नग, १,८००. वासे आणि रिपा १७,५००. एक सुतार आणि दोन गडी, सहा दिवस, ११,४००. चिपळूणहून टेम्पो ४,५००. दोन ताडपत्र्या ३,६००. खिळे आणि किरकोळ १,०००. एकूण ५९,००० रुपये.

सरकारकडून मिळाले १५,०००. तेही दिवाळीच्या आसपास, म्हणजे पाऊस संपल्यावर.

हा हिशेब २०२० सालचा आहे. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. रायगडात, आमच्या रत्नागिरीत दापोली आणि मंडणगडात त्याने हाहाकार केला. आमचे अंजनवेल वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळच्या समोर. दापोलीइतका मार आम्हाला बसला नाही. घरे उभी राहिली, छते गेली. मला बोलायचे आहे ते नेमके याच घरांबद्दल, कारण जमीनदोस्त झालेल्या घराचा फोटो पेपरात येतो. भिंती उभ्या आणि वर आभाळ, अशा घराला सरकारी कागदात ‘अंशतः नुकसान’ म्हणतात आणि तिथे विषय संपतो.

लॉकडाऊनचे दिवस होते. मी पुण्यात लॅपटॉपसमोर. ई-पास मिळून गावी पोहोचायला मला दहा दिवस लागले. तोवर मोहल्ल्यातल्या पोरांनी चाचीच्या घरावर चढून, शाबूत कौले गोळा करून, माजघराचा भाग झाकून टाकला होता. उरलेल्यावर ताडपत्री. पोरांनी जे केले ते कोणत्याही शहाण्या माणसाने केले असते. जून महिना आहे, पाऊस डोक्यावर आहे, घरात म्हातारे माणूस आहे.

आठव्या दिवशी पंचनाम्याला माणूस आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे चार-पाच गावे होती, लाइट नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती आणि हातात मोजपट्टीही नव्हती. अंगणात उभे राहून त्याने वर पाहिले, झाकलेला भाग पाहिला आणि म्हणाला, “चाची, नुकसान पंधरा टक्के धरतो.”

चाची म्हणाली, “भाऊसाहेब, पाऊस काय टक्के बघून आत येतो?”

त्याच्याकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. पण मी इंजिनिअर आहे, मोजणे हे माझे काम आहे, म्हणून मी नंतर मोजले. चाचीच्या छतावर सुमारे १,४२५ कौले होती. त्यातली ६०० गेली, म्हणजे छताचे ४२ टक्के. मग १५ टक्के आले कुठून? टक्का छताचा नव्हता, घराचा होता. भिंती शाबूत, जमीन शाबूत, दारे शाबूत. ती सगळी धरली की छताचे ४२ टक्के आक्रसतात आणि फॉर्मवर १५ होतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की हे मोजमाप चुकीचे आहे. छत तुटले की घर वापरता येत नाही. भिंती कितीही मजबूत असोत, ओल्या गादीवर कुणी झोपू शकत नाही. वरचे छत जाते तेव्हा खालच्या मातीच्या भिंतींचे, धान्याचे, कागदपत्रांचे, वायरिंगचे नुकसान सुरू होते आणि रोज वाढत जाते. आमच्या धंद्यात लॉगिनचे पान बंद पडले तर “बाकी ८५ टक्के सॉफ्टवेअर चालू आहे” असे क्लायंटला सांगून बघा.

हा फक्त कोकणाचा प्रश्न नाही. माझ्या टीममध्ये लातूर जिल्ह्यातला एक सहकारी आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिच्यात त्याच्या आईवडिलांच्या घरावरचे सिमेंटचे पत्रे फुटले. आमच्या किनाऱ्यावर गारा क्वचित पडतात, त्यामुळे मला त्याचे म्हणणे आधी कळलेच नाही. तो म्हणाला, “गारेने पत्रा उडत नाही, त्याला भोक पडते. पत्रा जागेवरच असतो. लांबून बघणाऱ्याला छत दिसते.” आता सांगा, एका पत्र्याला दहा भोके पडली तर नुकसान किती टक्के? भोकांचे क्षेत्रफळ काढले तर एक टक्काही नाही. पण तो पत्रा शंभर टक्के बाद झाला. वादळ असो की गारपीट, दोन्ही आपत्ती सरकारच्या यादीत आहेत आणि दोन्हींना मोजपट्टी हीच.

आता रकमेचे बघू. निसर्गच्या वेळी राज्य सरकारने निकष वाढवले होते. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, अंशतः नुकसानीला किमान १५,०००. पण ती वाढ त्या आपत्तीपुरती. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे केंद्राने ठरवलेले २०२२ ते २०२६ या काळाचे निकष पाहा. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,०००. १५ टक्क्यांच्या आत असाल तर काहीच नाही.

चाचीच्या छताचा खर्च चौरस मीटरला १,४७५ रुपये पडला होता, तोही २०२० च्या भावाने. या हिशेबाने ६,५०० रुपयांत साडेचार चौरस मीटरही छत होत नाही. त्याखाली दोन खाटा टाकल्या की जागा संपली. चूल कुठे मांडायची ते विचारू नका.

अजून एक हिशेब. गरीब माणूस आता कौलाऐवजी पत्रा घालतो, कारण शाकारणी करणारे हातच गावात उरले नाहीत. लोखंडी पत्र्यावर १८ टक्के जीएसटी आहे. समजा, तुम्ही करासकट ५०,००० रुपयांचे पत्रे घेतले. त्यातले ७,६०० रुपयांहून जास्त कराचे. म्हणजे आपत्तीत सापडलेल्या माणसाला सरकार ६,५०० देते आणि त्याच छताच्या बिलातून त्याहून जास्त परत घेते. याला मदत म्हणायचे असेल तर म्हणा. मी याला व्याजासकट वसुली म्हणतो.

कोणी म्हणेल, सरकारकडे छताचा दर ठरवायची दुसरी पद्धत नाही. आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची आहे. सरकारी कचेरीचे छत दुरुस्त करायचे असते तेव्हा टक्के कोणी विचारत नाही. मोजपट्टी निघते, चौरस मीटर मोजले जातात, दरसूचीतला दर लागतो आणि ठेकेदाराला बिल मिळते. मग चाचीच्या छतालाच वेगळे गणित का?

आमच्या गावाला हे जास्त झोंबते. अंजनवेलच्या जमिनीवर एन्रॉनचा प्रकल्प उभा राहिला, पुढे त्याची मालकी बदलली, शेजारी गॅसचे टर्मिनल आले. लाटा अडवणारा बंधारा अपुरा होता म्हणून कित्येक वर्षे पावसाळ्यात तिथे गॅसची जहाजे लागत नसत. म्हणजे आमच्या समुद्राचा जोर किती, कोणत्या महिन्यात काय होते, हे मोजणारे लोक आणि यंत्रे आमच्याच गावात आहेत. जहाजासाठी लाट मोजली जाते. घरासाठी मात्र अंगणात उभे राहून मान वर केली की झाले.

इथपर्यंत सरकारवर बोललो. आता आपल्यावर.

चाचीचे पैसे दिवाळीपर्यंत का अडकले? कारण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर माझ्या आजोबांच्या नावावर होते. आजोबांना जाऊन २२ वर्षे झाली होती. वारस १४. त्यातले कोणी मुंब्र्यात, कोणी कुवेतमध्ये, कोणी दुबईत. सगळ्यांची संमतीपत्रे आणण्यात चार महिने गेले. ज्या घरात चाची ४० वर्षे राहते, ज्याची घरपट्टी ती भरते, त्याच्या कागदावर तिचे नावच नव्हते. ही चूक सरकारची नाही. ही आमच्या घरातल्या पुरुषांची आहे, त्यात मीही आलो. वारसाहक्कात बाईचा वाटा आहे हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो आणि उताऱ्यावर नाव चढवायची वेळ आली की “पुढच्या सुट्टीत बघू” म्हणतो.

दुसरे. मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांनी अर्जच केला नाही. कोणी म्हणाले, “अल्लाची मर्जी.” वादळ ही अल्लाची मर्जी असेल, पण १५ टक्क्यांचा निकष माणसांनी लिहिला आहे. उंट आधी बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते. कोणी म्हणाले, “आपल्याला कोण देणार? नाव बघून पान उलटतील.” असे कुठे होत नसेल असे मी म्हणत नाही. पण भेदभाव सिद्ध करायलाही अर्जाची पोच लागते. जो अर्जच करत नाही त्याच्यावर अन्याय झाल्याची नोंद कुठेही राहत नाही. आणि कोणी म्हणाले, “आमची पोरे गल्फमध्ये आहेत, लोक काय म्हणतील?” भाऊ, तुझ्या पोराच्या पगाराचा आणि तुझ्या हक्काचा काय संबंध? २०२० मध्ये कितीतरी पोरे नोकरी जाऊन तिकडे अडकली होती, हे काय मोहल्ल्याला माहीत नव्हते?

तिसरे, आणि हे बोलताना मला जपून बोलावे लागते. मशिदीच्या छतासाठी चंदा करायचा म्हटला तर दोन जुम्म्यांत पैसे उभे राहतात. राहिलेच पाहिजेत. पण घराचे छत ही ज्याची त्याची खासगी अडचण समजली जाते. मदत आली तर ती किटमध्ये येते, किट देताना फोटो निघतो आणि फोटो ग्रुपवर फिरतो. त्या दिवसांत अन्न, ताडपत्री, मेणबत्त्या घेऊन आलेल्या प्रत्येक संघटनेचा मी ऋणी आहे, ती कोणत्याही धर्माची असो. पण ताडपत्री एक पावसाळा टिकते. पुढच्याच मे महिन्यात, २०२१ मध्ये, तौक्ते वादळ आले तेव्हा कितीतरी घरांवर अजून तीच फाटकी ताडपत्री होती.

म्हणून तुमच्याकडे, माझ्यासारख्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या पोरापोरींकडे, माझे मागणे आहे. चंदा नंतर द्या, आधी दोन दिवस द्या.

पुढच्या सुट्टीत गावी गेलात की घराचा नमुना ८ काढा. घरात जी राहते तिचे नाव त्यावर आहे का बघा. नसेल तर वारसनोंदीचा अर्ज त्याच सुट्टीत द्या. मेमध्ये शाकारणी होते तेव्हा छताचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, लांबी-रुंदी मोजून लिहून ठेवा. वादळ झाले तर कौल परत चढवण्याआधी तारखेसकट फोटो काढा, मग खुशाल दुरुस्ती करा. पंचनाम्याला माणूस येईल तेव्हा मोजपट्टीचे एक टोक त्याच्या हातात द्या. पंचनाम्याची प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे.

जमातीत छतासाठी वेगळा फंड सुरू करा. खाते वही असो की एक्सेल, जमा-खर्च सगळ्यांना दिसू द्या, घेणाऱ्याचे नाव मात्र झाका. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित घरविमा पॉलिसी आहे, वादळ तिच्यात येते. विम्याबद्दल तुमचे मत काहीही असो, त्यावर वाद घालण्यात आणखी एक पावसाळा घालवू नका. विमा नको असेल तर फंड करा, पण काहीतरी करा.

आणि ग्रामसभेला जा. १६ व्या वित्त आयोगाचा काळ एप्रिल २०२६ पासून पुढची पाच वर्षे आहे. निकष पुन्हा लिहिले जाण्याची वेळ हीच. ठराव साधा ठेवा: छताचे नुकसान छताच्या मापाने मोजा, दर बांधकाम खात्याच्या दरसूचीचा लावा आणि आपत्तीतल्या दुरुस्तीच्या बिलावरचा कर परत करा. हा ठराव मुसलमानांचा नाही. भंडारवाड्यात, बौद्धवाडीत, कोळीवाड्यात तीच कौले आहेत आणि तोच पाऊस आहे. त्यांच्यासोबत बसून लिहा.

चाचीच्या घराच्या उताऱ्यावर आता तिचे नाव आहे. मी तो कागद तिला दिला तेव्हा तिने तो वाचला नाही, घडी करून कौलाखालच्या फळीवर, कोरड्या जागी ठेवला. म्हणाली, “पुढच्या वेळी भाऊसाहेब आले की तूच ये. मी टक्के विचारीन, तू मोज.”